साडूची डिस्क

दत्ता, मेल्यावर तरी माणसानं वाद थांबवावा. तुला तेवढंही जमलं नाही. तुझा लॅपटॉप आता पौडात माझ्या दुकानातल्या टेबलावर आहे आणि तुझं तेरावं झाल्यापासून मी त्याच्याशी झटतोय. प्रिंटर सापडला असं तो सांगतो आणि कोरे कागद बाहेर टाकतो. मराठीतून इंग्रजीत जायला तू कुठली दोन बटणं ठरवून ठेवलीस ते तुझं तुला माहीत. माझं प्रत्येक वाक्य अर्ध्यात भाषा बदलतं. मी वैतागून "अरे दत्ता" म्हणतो आणि झेरॉक्ससाठी थांबलेलं गिऱ्हाईक मान खाली घालतं. तू गेलास हे सगळ्यांना ठाऊक आहे. साडूच्या दुःखानं याचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटत असणार. फिरलंय खरं, पण त्यात निम्मा वाटा तुझ्या लिनक्सचा आहे.

साडू कुणी निवडत नाही. थोरली कुंदा माझी बायको, धाकटी शोभा तुझी, एवढ्यावर सासरी पंगतीला दोघांना शेजारी बसवतात आणि पुढं जन्मभर दोघांची तुलना करतात. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तू माझ्या शेजारी बसलास. नवा जावई, हिंजवडीत कामाला, कंपनीची गाडी दारापर्यंत सोडणार. मला वाटलं आता हा परदेशाचं नाहीतर फ्लॅटचं बोलणार. तू विचारलंस, "तुम्ही दुकानात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम वापरता?" मी म्हणालो, मशिनीत येते ती. तू हातातली जिलबी ताटात ठेवलीस. पंगत उठली, बायकांची पंगत बसली, तरी तू मला अंगणात उभं करून सांगत होतास की मशीन आपलं, तर त्याच्यावर विंडोज चालवायची की लिनक्स ते दुसऱ्यानं का ठरवायचं. त्याच दिवशी आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. साडूला कुणी अरेतुरे करतं का, असं कुंदा मला घरी आल्यावर म्हणाली. मी तिला म्हणालो, याच्याशी जन्मभर भांडायचं आहे, 'तुम्ही' म्हणून दमायला होईल.

आणि भांडलो. मला तुझे सगळे मुद्दे पाठ आहेत, अजून झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. विंडोज न विचारता अपडेट सुरू करते. लिनक्स आधी विचारते आणि पासवर्डही मागते. विंडोजवर आत्ता आत्ता आलेले, एकाच पडद्यावरचे चार-चार डेस्कटॉप तुझ्याकडे म्हणे जुन्या काळापासून होते. पीडीएफ करायला, लिहायला, हिशेबाचे तक्ते करायला तुझ्याकडे सगळं आतच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. जुनं मशीन फेकून द्यावं लागत नाही. मी म्हणायचो, सगळं असेल, पण माझ्याकडे येणारी माणसं जी फाईल आणतात ती माझ्याकडे जशीच्या तशी उघडते, तुझ्याकडे तिचे तक्ते पार कलंडतात. माझा प्रिंटर वायर लावली की छापतो. तुझा प्रिंटर छापतो त्या दिवशी तू फोन करून सांगतोस, यावरूनच काय ते समजावं.

दहावीचे निकाल लागले होते तेव्हाचा तो दिवस आठवतो ना. फॉर्म भरायला दारापासून रस्त्यापर्यंत रांग, आणि माझ्या मशिनीनं अपडेट लावला. निळा पडदा, गोल गोल फिरणारं चक्र, आणि मशीन बंद करू नका असा हुकूम. रांगेतले बाप लोक माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच त्यांच्या पोरांचे मार्क अडवलेत. तू नेमका तिथं स्टुलावर बसून शेंगा खात होतास. मला वाटलं आता हा सुरू होणार. तू अवाक्षर काढलं नाहीस. फक्त आपला लॅपटॉप उघडलास आणि रांगेतल्या पहिल्या पोरीला म्हणालास, ये गं, नाव सांग. संध्याकाळपर्यंत सगळी रांग तू संपवलीस आणि मी बाजूला उभा राहून कागदांना स्टेपल मारत होतो. त्या दिवशी तू बोलला असतास तर मला बरं वाटलं असतं. गप्प बसलास त्याचा राग मला वर्षभर पुरला.

एकदाच काय ते आपण एका बाजूला होतो. कासार आंबोलीत तुझ्या घरामागच्या बंगल्यात शनिवार-रविवारी येणाऱ्या बाई मॅक घेऊन माझ्या दुकानात आल्या, करारनाम्यावर सही करून पाठवायची होती. आपण दोघंही खूश. तू म्हणालास, यांना आता झाकणावरचं सफरचंद विकून लिनक्सवर यावं लागणार. मी म्हणालो, काढा प्रिंट, करा सही, मी स्कॅन करून देतो. बाईंनी कागदाच्या चिटोऱ्यावर सही केली, चिटोरा मॅकच्या कॅमेऱ्यासमोर धरला, सही उचलून करारावर बसवली आणि पाठवून दिली. नंतर आपल्याला विचारलं की इथं जवळपास चांगला चहा कुठं मिळतो. त्या गेल्या. मग तू म्हणालास की हे आपल्याकडेही करता येतं, फक्त थोडं वेगळ्या पद्धतीनं. तेव्हा मला तुझी दया आली होती, आणि स्वतःचीही.

खरं सांगायचं तर माझं विंडोजसुद्धा इतकी वर्षं तूच चालू ठेवलंस. शिव्या देत, नाक मुरडत, पण गाडीला किक मारून येत होतास. हिंजवडीजवळचा सूसचा फ्लॅट विकून, नोकरी सोडून तू कासार आंबोलीला आलास तेव्हा सगळे म्हणाले याला वेड लागलं. मला आनंद झाला, कारण आता तू पंधरा मिनिटांवर होतास. नोकरी का सोडलीस ते मात्र मी कधी विचारलं नाही. तेव्हा आपण मराठीच्या फॉन्टवरून भांडत होतो. माझ्या मशिनीत सगळे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं जुन्या फॉन्टमध्ये. तुझ्याकडे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, जणू कोंबडीनं माती उकरलीय. तू म्हणायचास, दोन्हीकडे युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशिनीत तशीच दिसणारी अक्षरं, आतच दिलेलं आहे, पंधरा दिवस बोटांना सवय कर. मी म्हणायचो, ही बोटं आता चितेवरच नवीन सवय लावून घेतील. आता असली वाक्यं माझ्या तोंडून निघत नाहीत.

वरच्या वाडीचं काम तुझ्याकडे आलं ते अशाच एका भांडणातून. वाडीतल्या गोमाबाबाची सून वनजमिनीच्या दाव्याचा अर्ज टाईप करायला माझ्याकडे आली होती. किती पिढ्या तिथं नाचणी, वरई पिकवतायत, पण कागद नाही. कागद नसेल तिथं जुन्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून धरतात, आणि वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे गोमाबाबा. मी नेहमीचा नमुना काढला, नाव, वय, गाव घातलं आणि दोन परिच्छेदांत जबाब संपवला. तू स्टुलावरून वाकून वाचलास आणि विचारलंस, "यात माणूस कुठाय?" मी म्हणालो, माणूस बाहेर उभाय, कागदावर मजकूर असतो. तू तो कागद घडी करून खिशात घातलास आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पाठीला लावून वर गेलास.

आठ वेळा गेलास. गोमाबाबाच्या अंगणात बसून त्याचं बोलणं रेकॉर्ड करत होतास. ठरलं असं होतं की तू ऐकून निवडून द्यायचं आणि मी जबाब टाईप करायचा, मग तो बाबाला वाचून दाखवून अंगठा घ्यायचा आणि महिनाअखेरच्या ग्रामसभेपुढं ठेवायचा. आपलं शेवटचं भांडण त्याच्यावरचंच. तू म्हणालास जबाब युनिकोडमध्येच झाला पाहिजे, पन्नास वर्षांनी त्याच्या पणतूनं उघडला तर वाचता आला पाहिजे. मी म्हणालो कागदावर छापला की फॉन्ट कोण विचारतो. हे भांडण अर्धवट सोडून तू दवाखान्यात दाखल झालास. छोटं ऑपरेशन, चार दिवसांत घरी, असं तूच सांगत होतास.

आता जे सांगायचं आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही असं म्हणून सुरुवात करणार होतो. पण परवाच्या रविवारपासून ते खरं राहिलेलं नाही. तरी तुला पहिल्यापासून सांगतो.

माझं दुकानातलं मशीन जुनं झालं, नवीन विंडोज त्याच्यावर बसेना, म्हणून मी नवं मशीन घेणार होतो. त्याआधी सगळ्या फाईली कुठंतरी काढून ठेवायच्या होत्या. तू दवाखान्यातून फोनवर म्हणालास, शोभाकडून घे, कपाटात एक डिस्क रिकामी आहे. मी तुझ्या घरी गेलो. शोभा डबा घेऊन दवाखान्यात निघायच्या घाईत होती. तिनं कपाट उघडलं, आत दोन काळ्या डिस्क, जुळ्या भावांसारख्या. तिनं विचारलं, "दाजी, दोन आहेत, यातली कुठली?" मी म्हणालो, कुठलीही दे, लावून बघतो मी.

मी बघितलं नाही, दत्ता. दुकानात येऊन डिस्क लावली. विंडोजनं विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? नवी कोरी डिस्क असली की असंच विचारते, म्हणून मी हो म्हणालो. तिनं पुन्हा बजावलं की हिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. मी पुन्हा ओके दाबलं. इतकी वर्षं दुकान चालवून माझ्या बोटाला एकच गोष्ट पक्की येते, समोर काही आलं की ओके. रांग उभी असते, वाचत कोण बसतो? तू कितीदा म्हणाला होतास की ज्याला दहा वेळा विचारतात तो अकराव्यांदा ऐकत नाही, हाच तुझ्या विंडोजचा रोग आहे. रोग विंडोजचा की माझा यावर आपण अजून एक दुपार भांडलो असतो. मग मी त्या डिस्कवर माझ्या दुकानाच्या झाडून सगळ्या फाईली चढवल्या, जुन्या फॉन्टमधल्या, काठोकाठ.

विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही, म्हणून तिला ती कोरी वाटली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तूच मला दहा वेळा सांगितलं असशील. मला वेळेवर आठवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुला भेटायला आलो. तू बरा दिसत होतास, नर्सला तिच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय चुकीचं आहे ते समजावत होतास. मला बघून म्हणालास, दुसरी डिस्क जपून ठेवायला सांग शोभाला, बाबाचं सगळं तिच्यातच आहे. लॅपटॉपवर मागच्या आठवड्यात नवी लिनक्स टाकली, म्हणून सगळं तिकडं हलवलंय, परत घ्यायचं राहिलं. तडक कासार आंबोलीला गेलो, उरलेली डिस्क तुझ्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर तिचं नाव आलं: रिकामी. तू डिस्कला नावसुद्धा देऊन ठेवलं होतंस, आतून! दुसरीचं नाव 'वाडी' असणार. बाहेरून मेल्या एक चिठ्ठी चिकटवली असतीस, माझ्यासारखी, मार्करनं लिहिलेली, तर काय बिघडलं असतं? माझ्या चिठ्ठ्यांना तू आयुष्यभर हसलास. आणि जगाला सांगत फिरायचास की महत्त्वाचं ते तीन ठिकाणी ठेवावं, लिनक्समध्ये बॅकअपची सोय आतच दिलेली असते, एकदा लावली की विसरून जा. लावली होतीस का? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तुझ्यावर एवढं ओरडून झालं की मग मला आठवतं की पुसलं मीच.

त्यानंतरच्या भेटीत तू विचारलंस, ठेवली का जपून? मी हो म्हणालो. तू बरं म्हणालास आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, घरी आलास की सांगेन, तू शिव्या घालशील, मग आपण दोघं मिळून काहीतरी वाट काढू. तुझी तब्येत त्याच रात्री बिघडली आणि तू घरी आलाच नाहीस. तुझ्याशी मी शेवटचं बोललो ते खोटं बोललो.

इथपर्यंत एक वेळ तू माफ करशील. पुढचं ऐक. तेराव्याला गोमाबाबाची सून आली होती. जाताना तिनं विचारलं की दत्ताभाऊंनी बाबाचं रेकॉर्ड केलेलं हाय, ते कुटं मिळंल, ग्रामसभा जवळ आली. सगळे बसलेले, कुंदा, शोभा, तुझे कंपनीतले दोघं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, डिस्क गेली. लिनक्सची होती ना, उघडतच नाही.

कंपनीतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शोभा मात्र उठून आत गेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, ती कुंदाला सांगत होती: "त्या लिनक्सपायी आम्हाला कधी वेळ दिला नाही यांनी. आणि शेवटी त्यानंच घात केला. त्या म्हाताऱ्याचं सगळं बुडवून गेले." नंतर ती तुझ्या टेबलाजवळ गेली, लॅपटॉप, वायरी, सगळं एका पिशवीत कोंबलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, घेऊन जा दाजी, विंडोज टाका नाहीतर भंगारात घाला, मला घरात नको.

इतक्या वर्षांच्या वादात मी तुझ्यावर असा डाव कधी टाकला नव्हता. तू हजर असताना टाकूच दिला नसतास. मी तो तू नसताना टाकला आणि तुझ्या बायकोला तुझ्याविरुद्ध उभं केलं. खरं सांगायचं मी टाळत राहिलो. स्वतःला समजवायचो की सांगितलं तर तिला वाटेल डिस्क आपणच हातात दिली. ती सबब होती. मला माझी लाज झाकायची होती, दुसरं काही नाही.

मग मी ते परत मिळवायच्या मागे लागलो. पुसलेलं परत काढायची साधनं तुझ्या लिनक्सवर आहेत म्हणे, म्हणून तुझा लॅपटॉप उघडला. जे तू मला इतकी वर्षं गोड बोलून, चिडून, पैज लावून शिकवू शकला नाहीस ते मी आठवडाभरात घाबरून शिकलो. काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाईप करायचा, एक अक्षर चुकलं की पुन्हा. यावेळी प्रत्येक ओळ वाचून मग बटण दाबलं. पण पुसलेल्या डिस्कवर मी माझ्या फाईली काठोकाठ भरल्या होत्या. तीन दिवस मशीन डिस्क चाळत राहिलं आणि हाती काय आलं? काही सेकंदांचे दोन तुकडे. एकात कोंबडा आरवतो. दुसऱ्यात तू खोकतोस. तो तुकडा मी किती वेळा ऐकला ते सांगणार नाही.

शनिवारी शोभानं फोन केला. म्हणाली, गोमाबाबा अजून आहे ना, मग पुन्हा विचारू, यांनी बुडवलंय ते निदान आपण तरी निस्तरू. मीपण येते. रविवारी सकाळी आम्ही दोघं वर गेलो. रेकॉर्ड करायला मी तुझाच लॅपटॉप नेला होता, विंडोज टाकलेली नव्हती. शोभानं तो बघितला आणि पुढं चालायला लागली.

गोमाबाबा अंगणात बसला होता. मी भीत भीत सांगितलं की आधीचं सगळं गेलं. त्याला काहीच वाटलं नाही. "मंग परत सांगतो की. मी हाय अजून," म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच लॅपटॉप उघडून रेकॉर्डिंग सुरू केलं. ते आत दिलेलंच होतं, एका बटणावर सुरू झालं. नाव विचारलं, वय विचारलं. जमीन कधीपासून कसता? "लई वरसं." किती वर्षं? "बापापास्नं." हद्द कुठून कुठं? त्यानं हातानं हवेत एक गोल काढला. अर्धा तास असाच गेला. माझ्याकडे जमलं ते तेच नमुन्याचे दोन परिच्छेद, जे तू घडी करून खिशात घातले होतेस.

शेवटी तोच कंटाळला. म्हणाला, "दत्ताभाऊ आसं न्हवते इचारत. इचारलं की मला आठवत न्हाई. ते आदी सवताचं सांगायचे."

मी म्हणालो, स्वतःचं म्हणजे काय?

"तुमचंच जास्ती सांगायचे. साडूचं भांडण. लई हसायचो आमी. मंग मला माजा साडू आठवायचा. तुमी सांगा की."

तू आठ वेळा तिथं बसून माझ्याबद्दल बोलत होतास, दत्ता. मला वाटायचं तू लोकांना प्रश्न विचारण्यात पटाईत आहेस. मी तुला कधी काही विचारलंच नव्हतं, फक्त उत्तरं देत राहिलो, तू विचारलेलं नसताना. नोकरी का सोडलीस, या म्हाताऱ्याच्या अंगणात तुला काय सापडलं, काहीच विचारलं नाही. आणि आता तो म्हातारा माझ्याकडे बघत होता, शोभा माझ्याकडे बघत होती, आणि मला आपली शंभर भांडणं आठवत होती. निकालाचा दिवस, मॅकवाल्या बाई, फॉन्ट. कुठलंही सांगितलं असतं तरी तो हसला असता आणि काम झालं असतं.

मी डिस्कचं सांगितलं. सगळं, कपाटातल्या दोन डिस्कपासून ते तेराव्याच्या खोट्यापर्यंत. शोभाकडे न बघता सांगितलं. डिस्क चांगली होती, लिनक्स चांगली होती, दत्तानं सगळं नीट ठेवलं होतं, ते मी माझ्या हातानं पुसलं आणि नाव त्याचं घेतलं. तिनं विचारलं होतं कुठली डिस्क, मी कुठलीही म्हणालो. तिची काही चूक नाही.

गोमाबाबाला किती कळलं कोण जाणे. शोभाला सगळं कळलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तेराव्यापासून मी यांच्यावर चिडून आहे, दाजी. यांच्या फोटोला हार घालतानासुद्धा चिडून होते. तो सगळा राग तुमच्या नावचा होता."

मी हो म्हणालो.

तेवढ्यात गोमाबाबा बोलायला लागला. म्हणाला, "माजा साडू बी आसाच. बांध कोरला त्यानं नि नाव घातलं गाईवर." तेव्हा बाबाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, बाप जिवंत होता, जांभळीपासून ओढ्यापर्यंत त्याची नाचणी उभी होती आणि ओढ्यापलीकडे साडूची. साडूनं वरच्या अंगाला, जिथं मध्ये ओढा नाही तिथं, दोन हात बांध कोरून घेतला. त्यावरून मारामारी झाली, वाडीतली चार माणसं मध्ये पडली, कोण कोण ते तो एकेकाचं नाव घेऊन सांगायला लागला. साल नाही, पण कुणाच्या लग्नानंतर, कुठल्या पावसाळ्यात, कुठला दगड हद्दीला रोवला, सगळं. मी खुळ्यासारखा ऐकत राहिलो. मग तो दगड दाखवायला उठला. शोभानं चालू असलेला लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या तोंडापासून लांब जाऊ न देता त्याच्या बाजूनं चालत राहिली. मी मागून चाललो होतो.

जबाब टाईप करून झालाय. चौदा पानं, युनिकोडमध्ये, तुझ्या लॅपटॉपवर. बाबानं ऐकून अंगठा दिला. रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवलंय आणि तिन्ही डिस्कांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. ग्रामसभेत काय होईल ते होईल. लॅपटॉप शोभानं परत मागितलाय, विंडोज न टाकता, उद्या नेऊन देणार आहे.

ती माझ्याशी अजून बोलत नाही. निरोप कुंदाकडून येतात, मीही उत्तर कुंदाकडूनच देतो. बोलेल तेव्हा बोलेल, माझं मी भोगीन. तुझ्यावर मात्र तिचा राग उरलेला नाही, दत्ता. शोभा स्वतः हे तुला सांगायची नाही, म्हणून मी लिहिलं.